विहिरीच्या पाण्यातील इंधन : ओळख व तपासणी

आमच्या मळ्यातील विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिन होते. तेल भरताना थोडे सांडत असे. ते मातीत जिरले की नाहीसे झाले, अशी सर्वांचीच समजूत होती. एका आषाढात पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. उन्हाळ्यात तो नव्हता. मातीत अडकून राहिलेल्या तेलापर्यंत पावसाळ्यात चढणारी भूजलाची पातळी पोहोचली होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आजीने पाणी उकळून देण्यास आरंभ केला. उकळण्याने जंतू मरतात, परंतु इंधनातील बाष्पशील द्रव्ये वाफेबरोबर स्वयंपाकघरातच पसरतात. ब्लीचिंग पावडरचाही येथे उपयोग नाही.

पाण्यावर दिसणारा प्रत्येक इंद्रधनुषी तवंग तेलाचा नसतो. लोहजीवाणूंचाही तसाच तवंग येतो. काडीने ढवळल्यास तो काचेप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी फुटतो. तेलाचा तवंग मात्र पुन्हा जुळून येतो. ही परीक्षा विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावी, मात्र विहिरीच्या काठावरून वाकून नव्हे, तर बादलीत काढलेल्या पाण्यावर.

वास आला नाही म्हणजे पाणी निर्दोष, असेही नव्हे. पेट्रोलमधील बेंझीन दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. इतके अल्प प्रमाण नाकाला कळत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मध्ये खनिज तेलाची मर्यादा प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅम आहे. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जीवाणू पाहिले जातात; तेल व बेंझीन यांची तपासणी वेगळी मागावी लागते आणि तशी सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. म्हणून आधी चौकशी करावी.

नमुना घेण्यातच बहुतेक चुका होतात. शीतपेयाची रिकामी बाटली चालत नाही. प्लास्टिक ही द्रव्ये शोषून घेते. बेंझीनसाठी प्रयोगशाळेकडूनच काचेच्या लहान कुप्या आणाव्यात. त्यांत आधीच आम्ल घातलेले असू शकते, म्हणून त्या विसळू नयेत. पाणी काठोकाठ भरून, झाकण लावून कुपी उलटी करावी. बुडबुडा दिसला तर नमुना वाया गेला असे समजावे. तेलासाठी काचेची वेगळी बाटली लागते. गच्चीवरील टाकीतले पाणी घेऊ नये, कारण तेथे पोहोचेपर्यंत बरेच बाष्प उडून गेलेले असते. पंप काही वेळ चालवून त्याच्या जवळच्या नळाचे पाणी घ्यावे. हाताला पेट्रोल लागलेल्याने या कामात पडू नये. नमुने बर्फात ठेवून विनाविलंब पोहोचवावेत.

निकाल येईपर्यंत पिण्यास व स्वयंपाकास दुसरीकडचे पाणी आणावे. गरम पाण्याच्या अंघोळीतही बाष्प श्वासात जाते. वास उग्र असल्यास विहिरीत कोणीही उतरू नये. काठाशी कंदील वा विडी नेऊ नये.

आमच्या विहिरीवर आता विजेचा पंप आहे. इंजिनाची जुनी खोली मात्र तशीच उभी आहे. त्यामुळे एक नमुना उन्हाळ्यात आणि दुसरा श्रावणात, पाणी चढल्यावर, आम्ही अजूनही तपासणीस पाठवतो.