प्रिंट निघाली, पण कागद कुठं राहिला?



जून-जुलै आला की पीककर्ज, पीकविमा आणि शाळा-कॉलेजचे प्रवेश, सगळ्यांची गर्दी एकदमच होते. गटाच्या झेरॉक्स-प्रिंट केंद्रावर सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक घेऊन रांग लागते. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं, कोणी पेनड्राइव्ह आणतं. प्रिंट निघाली, पैसे घेतले, माणूस वावरात गेला. त्याचा कागद मात्र आपल्या कॉम्प्युटरवरच राहिला ना!

समजा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका केंद्रावर रोज 20 जणांचे कागद येतात. महिन्याचे 25 दिवस धरले तर 500 जण, सहा महिन्यांत 3000 जण. असा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला, तर 3000 जणांचे कागद परक्या हाती गेले. उद्या कोणाच्या खात्यात गडबड झाली, तर बोट आपल्याकडेच दाखवतील. गावाचा विश्वास हेच आपलं भांडवल आहे. काम संपल्यावर दुसऱ्याची माहिती पुसावी, हे तत्त्व 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

रोज हाताने पुसणं गर्दीत जमत नाही. म्हणून कॉम्प्युटरलाच ते काम लावून द्या. विंडोज 10 किंवा 11 असेल तर असं करा:

1. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज असं जाऊन ‘स्टोरेज सेन्स’ चालू करा. ते किती दिवसांनी चालावं, तिथं ‘दर आठवड्याला’ निवडा.

2. रिसायकल बिनसाठी 1 दिवस निवडा. डिलीट केलेली फाइल आधी तिथंच पडून राहते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

3. डाउनलोड्ससाठी 14 दिवस निवडा. एवढे दिवस न उघडलेली फाइल मग आपोआप निघून जाईल. इथं आधीपासून ‘कधीच नाही’ असं असतं, ते बदलावं लागतं.

4. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर जा. ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’वर टिक असेल तर काढा. नाहीतर छापलेलं कामही रांगेत साठत राहतं.

5. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलला स्टोरेज सेन्स हात लावत नाही. म्हणून ग्राहकाची फाइल डेस्कटॉपवर ठेवूच नका. केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आपोआप जाण्याची सोय आहे, ती 24 तासांवर लावा. मोबाइलच्या गॅलरीत उतरलेले फोटो मात्र वेगळे पुसावे लागतात.

पण थांबा! सुपात तूर पाखडताना आपण कचरा उडवतो, दाणा नाही. ही सोय सुरू करायच्या आधी गटाचा दाणा बाजूला काढा: बचत-कर्जाचा हिशेब, बिलं, पापड-मसाल्याच्या लेबलांचे बॅच नंबर. हे डाउनलोड्समध्ये असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये न्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कुलपात ठेवा. लेबल छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नोंदी काढायची वेगळी सोय असते. तिथं दिवस ठरवताना बॅचच्या नोंदी जाणार नाहीत, हे आधी पाहा. एकदा पुसलेलं परत मिळेलच, असं धरून चालू नका.

आणखी एक. जिथं चालतं तिथं ‘मास्क्ड’ आधार काढायला सांगा. त्यात पहिले 8 अंक झाकलेले असतात, शेवटचे 4 च दिसतात. बिघडलेली प्रिंट पुड्या बांधायला देऊ नका, फाडून टाका.

या महिन्याचा अभ्यास: पुढच्या बैठकीत केंद्र सांभाळणाऱ्या ताईला डाउनलोड्सचं फोल्डर सगळ्यांसमोर उघडायला सांगा. सगळ्यात जुनी फाइल कोणत्या तारखेची आहे, ते पाहा. मग काय ठेवायचं, काय किती दिवसांनी पुसायचं, हे ठरवून ठराव इतिवृत्तात लिहा. आणि केंद्राच्या दारावर पाटी लावा: ‘तुमचे कागद आम्ही साठवून ठेवत नाही.’ पाटी लावली की ती पाळायची जबाबदारीही आपलीच, बरं का!