पोवळे पांढुरके पडले, मंगळ कोपला का?

प्रश्न : लग्नात आईने पोवळ्याची अंगठी दिली. आवणीनंतर चिखल निघेना म्हणून चिंचेच्या कोळाने घासली, तर खडा पांढुरका झाला. शेजारणी म्हणतात मंगळ कोपला, अंगठी नदीत सोड. काय करू?
– एक वाचक, तळेघर (ता. आंबेगाव)

उत्तर : ताई, अंगठी नदीत सोडू नका. हे मंगळाचे नव्हे, चिंचेचे काम आहे.

पोवळे हा खाणीतला दगड नाही. समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेले ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर लागले की त्याचा वरचा थर विरघळतो आणि झिलई जाते. मोत्याचेही तसेच. शिवाय माणकाची कठिणता ९, पोवळ्याची जेमतेम साडेतीन. मातीतल्या रेतीनेही त्यावर चरे उठतात.

मंचर किंवा पुण्यातल्या जाणत्या कारागिराकडून खड्याला पुन्हा पॉलिश करून घ्या. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. पुढे शेतात जाताना आणि भांडी घासताना अंगठी काढून ठेवा. ओलसर मऊ फडक्याने पुसा, कोरडी करून वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा.

नवा खडा घ्यायचाच झाला, तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. रंगवलेली आणि काचेची पोवळी सर्रास विकली जातात. हॉलमार्क फक्त सोन्याचांदीची शुद्धता सांगतो, खड्याची नाही.

खड्याने ग्रहपीडा टळते याला वैज्ञानिक पुरावा नाही, म्हणून भीतीपोटी कर्ज काढून महागडा खडा घेऊ नका. आईची आठवण म्हणून हीच अंगठी खुशाल घाला.