इतिहासाच्या जोडीला सिनेमा

प्रश्न : मी देवासची. बी.ए.ला इतिहास आहे. गौण विषय म्हणून सिनेमा-अभ्यास घ्यावा का? घरचे म्हणतात, वेळ वाया जाईल.

उत्तर : जरूर घ्या. इतिहास, साहित्य, संगीत या विषयात एकत्र तपासता येतात, आणि सामग्री तुमच्या गावातच आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये देवासचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. त्यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीवर डेव्हिड लीनने १९८४मध्ये चित्रपट केला. आधी कादंबरी वाचा, मग चित्रपट पाहा. काय गळले, काय बदलले ते टिपा. संगीतासाठी, देवासलाच राहिलेले गायक कुमार गंधर्व यांच्यावरचा जब्बार पटेलांचा 'हंस अकेला' हा माहितीपटही बघा. फक्त प्रवेशाआधी या विषयाचे क्रेडिट पदवीत धरले जातात का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या.