पडद्यावरचं टिपणारी पेटी: पहूरमधले अनुभवाचे बोल

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरला शेतकरी मेळावे, शाळेतली शिबिरं, बचत गटांची प्रशिक्षणं होतच असतात. गुलाबी बोंडअळीवर तज्ज्ञ तासभर बोलतात, स्लाइड दाखवतात आणि पुढच्या गावाला निघतात. त्या दिवशी ज्याच्या शेतात पाण्याची पाळी होती, त्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून पडदा आणि आवाज नोंदवणारी, गावाला परवडेल अशी पेटी जमवत गेलो: स्प्लिटर, कॅप्चर कार्ड आणि छोटा संगणक. त्यातून कळलं ते असं.

१. कॅमेरा पडद्यावर रोखू नका. अंधाऱ्या सभागृहात कॅमेऱ्याला पडदा पांढराफटक दिसतो आणि वक्ता काळा. फवारणीच्या प्रमाणाचा तक्ता वाचता आला नाही, तर चित्रफितीचा उपयोग काय? लॅपटॉपमधून निघणारी एचडीएमआय वायर स्प्लिटरने दोन ठिकाणी न्या: एक फाटा प्रोजेक्टरला, दुसरा पेटीला. कॅमेरा फक्त वक्त्यासाठी.

२. हिशेब आधी, खरेदी नंतर. १९२० बाय १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं: हा प्रवाह सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट होतो. संगणकाकडे नेणाऱ्या यूएसबी २ ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट. म्हणजे चित्र संगणकात शिरण्याआधीच दाबून लहान करावं लागतं. हजार रुपयांच्या आसपास मिळणारं कॅप्चर कार्ड तेच करतं. प्रत्येक चित्राचं जेपेग करून संगणकापुढे वेबकॅम म्हणून उभं राहतं. त्याच्या यूएसबी ३ सारख्या दिसणाऱ्या निळ्या टोकाला भुलू नका, आत बहुधा यूएसबी २ च असतं. स्लाइडसाठी तेवढं पुरतं.

३. खुलं म्हणजे स्वस्त नव्हे. तंत्रज्ञान परिषदांमधली भाषणं नोंदवण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे टिम अॅन्सेल यांनी ‘एचडीएमआयटूयूएसबी’ हा खुला प्रकल्प सुरू केला. त्यासाठीचा ‘ऑप्सिस’ बोर्ड बंगळूरूच्या न्यूमॅटो लॅबने बनवला आणि २०१५ मध्ये लोकवर्गणीतून बाजारात आणला. त्यावरच्या एफपीजीए चिपची अंतर्गत जोडणी प्रोग्रॅम लिहून बदलता येते. बोर्ड शेकडो डॉलरचा. आमच्या मेळाव्याच्या बजेटात बसणारा नाही. पण त्याचा आराखडा आणि कोड सगळ्यांना वाचायला मोकळे आहेत. बंद डबीतल्या कॅप्चर कार्डात काय चालत असावं, हे मला या खुल्या बोर्डाने शिकवलं.

४. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकमेकांशी काय बोलतात ते समजून घ्या. वायर जोडताच लॅपटॉप समोरच्याला विचारतो, ‘तुला किती ठिपके झेपतात?’ उत्तरादाखल येणाऱ्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. स्प्लिटर जर जुन्या प्रोजेक्टरचं उत्तर पुढे पाठवत असेल, तर लॅपटॉप १०२४ बाय ७६८ वर उतरतो आणि नोंदही तशीच होते. पडदा काळा राहिला की लोक वायर हलवत बसतात; मी आधी लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ठिपके पाहतो.

५. वीज जाणारच, असं धरून चाला. लॅपटॉपला बॅटरी असते, पेटीतल्या छोट्या संगणकाला नसते. नोंदीसाठी ओबीएस हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. त्यात नोंद एमकेव्ही प्रकारात ठेवा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मधेच वीज गेली तर तासाभराचं भाषण उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचं शाबूत राहतं, आणि घरी आल्यावर ओबीएसमध्येच त्याचं एमपी४ करता येतं. स्प्लिटर, कार्ड आणि संगणक ५ व्होल्टवर चालणारे निवडले, तर मोबाइलच्या पॉवर बँकेवरही वेळ निभावते. फक्त संगणकाला लागणारे अँपिअर ती देते ना, ते बघा.

६. चित्र अंधुक चालतं, आवाज नाही. लांब ठेवलेल्या माइकात पंख्यांची घरघर येते. साऊंडवाल्या भाऊंना आधी भेटा, चहा पाजा आणि मिक्सरमधून थेट वायर मागा. दोन वेगळ्या प्लगांवरची यंत्रं जोडली की अनेकदा ५० हर्ट्झची गुणगुण येते. मध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला की ती बसते. भाषणाआधी हेडफोन लावून मिनिटभर ऐका. वक्ता बोलायला लागल्यावर कोणी वायर बदलू देत नाही.

७. जे पहूरला किंवा जळगावला मिळत नाही, ते पेटीत घालू नका. बिघडतात त्या वायरी, अॅडॅप्टर आणि मेमरी कार्ड. मागवलेला सुटा भाग येईपर्यंत मेळावा संपलेला असतो. पेटी खिळ्यांनी नाही, स्क्रूंनी बंद करा.

८. पेटी आपल्यावाचून चालली पाहिजे. झाकणाच्या आत जोडणीचं चित्र, सुट्या भागांची यादी आणि ओबीएसची सेटिंगं मराठीत लिहून चिकटवा. नववीतल्या मुलीला ती वाचून पेटी लावता आली, तर लिहिलेलं बरोबर. शेंदुर्णी-जामनेरहून कोणी आलं तर खुशाल फोटो काढू द्या. बदल्यात एकच मागा: त्यांनी त्यात काही सुधारलं, तर तो कागद आपल्याकडेही पाठवावा.