नाव रंगवायला घेतोयस तर

तुझ्या आईकडून कळलं की गंगापूर धरणावर पडून असलेली फायबरची जुनी नाव तू घेतलीस, ती नाशिकला अंबडच्या तुझ्या शेडमध्ये आणून उलटी घातलीस आणि रंगछटांचं कार्ड घेऊन रंग निवडत बसला आहेस. ते कार्ड तूर्त बाजूला ठेव. आयुष्य पेंट शॉपमध्ये गेलं माझं, पॅनेल रंगवली, मोटारींच्या बॉड्या रंगवल्या, पुढे नावाही रंगवल्या. एवढं ठामपणे सांगतो की नावेचा रंग निवडताना पहिला प्रश्न एकच. ही नाव राहणार कुठे, आणि पुढच्या वर्षी तिला खरचटलं तर तिथे काठावर, हातातल्या ब्रशनं, कोणी दुरुस्त करू शकेल का? ज्याचं उत्तर ‘हो’, तो फिनिश घ्यायचा. चकाकी त्यानंतर.

अंगावर आधी काय आहे ते ओळख. पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या रंगावर पाच-दहा मिनिटं दाबून ठेव. रंग मऊ झाला, सुरकुतला, फडक्याला लागला, तर तो एकाच डब्यातला साधा इनॅमल आहे. त्याच्यावर हार्डनरवाला रंग गेला की खालचा थर कच्चकन उचलला जातो आणि सगळी बाजू कातडीसारखी गोळा होते. फडक्याला रंग लागलाच नाही तर बहुधा टू-पॅक, म्हणजे हार्डनर कालवून लावलेला, आहे, त्याच्यावर घासून पुढे जाता येतं. नावेच्या तीन-चार जागी हे करून बघ, कारण जुन्या नावेवर एका कोपऱ्यात एकानं आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्यानं रंग मारलेला असतो.

मग तळ बघ. फायबरच्या तळावर बारीक फोड दिसले तर ते नुसते रंगाचे आहेत असं समजू नकोस. पाणी जेलकोटमधून, म्हणजे फायबरच्या वरच्या थरातून, हळूहळू आत झिरपतं, आतल्या रेझिनमधले विरघळणारे अंश त्याच्यात मिसळतात आणि ते घट्ट पाणी बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतं. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हे लवकर होतं. त्यामुळे धरणातल्या नावेला खाऱ्या पाण्याचा त्रास नाही म्हणून ती सुरक्षित, हा हिशेब चुकीचा. फोड फोडून बघ. आतलं पाणी चिकट आणि आंबूस वासाचं असेल तर तो भाग चांगला लॅमिनेट लागेपर्यंत ग्राइंड कर, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धू आणि वाळू दे. वाळणं म्हणजे दोन दिवसांचं काम नाही, त्याला आठवडे लागतात. तळ वाळला की नाही ते बघायला प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटव आणि एखादा दिवस तसाच ठेव. आतून दव धरलं तर प्रायमरचा डबा उघडायचा नाही.

तळावरचे खड्डे भरायला मोटारीची लांबी, म्हणजे पुट्टी, वापरायचा मोह होईल, कारण अंबडमध्ये ती प्रत्येक दुकानात मिळते, पंधरा मिनिटांत सेट होते आणि लोण्यासारखी घासली जाते. पाण्याच्या रेषेखाली ती अजिबात नको. पॉलिस्टरची ती पुट्टी पाणी धरते, फुगते आणि वरच्या चांगल्या रंगाला घेऊन निघते. तिथे इपॉक्सी पुट्टीच. महाग आहे, घासायला हाताची परीक्षा बघते, पण दुसरा उपाय नाही.

घासण्याच्या आधी धुवायचं, हा क्रम कधी उलटा करू नकोस. फायबरवर साच्यातलं मेण असतं, वर कोणीतरी पॉलिश चोळलेलं असतं. तसंच कागद मारलास तर ते मेण ओरखड्यांत आत दाबलं जातं आणि मग निघत नाही. साबणाच्या पाण्यानं धू, सॉल्व्हंटनं पूस. दोन फडकी घे, एकानं ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्यानं लगेच उचलायचं. नंतर मगभर पाणी ओत. ते सलग पसरून उतरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथे अजून मेण आहे.

कागद मारताना जुना रंग उतरवायला 80 नंबर, प्रायमरच्या आधी 120 ते 180, शेवटच्या हाताआधी 220 ते 320. पाण्याचा कागद वापर, कोरडी धूळ उडवू नकोस. जुन्या नावेच्या लोखंडी कड्या, बिजागऱ्या, ट्रेलर यांच्यावर तांबडा शिसेयुक्त प्रायमर असू शकतो. आपल्याकडे रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. शेडच्या बाहेर मुलं खेळतात, घरी तुझी धाकटी आहे. कामाचे कपडे शेडमध्येच बदल, ते घरी नेऊ नकोस.

आता फिनिश. कोणीतरी सांगेल, पावडर कोटिंग करून घे, पलीकडच्या गल्लीत प्लांट आहे. पावडर भट्टीत 180 ते 200 अंशांवर पिकते, त्यात फायबर टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या कड्या आणि बाकांचे सांगाडे मात्र खुशाल दे.

उरले दोन रस्ते. एक टू-पॅक पॉलियुरेथेन, म्हणजे तुझा पीयू. दुसरा वन-पॅक मरीन इनॅमल. पीयू कठीण, उन्हाला टिकणारा, चकाकी वर्षानुवर्षं धरणारा. नाव छपराखाली राहणार असेल, हौशीची असेल, तर पीयूच घे. पण तुझी नाव धरणावर रोज मुरमाच्या काठावर घासणार, खडकाला टेकणार, माणसं बुटांनी चढणार. पीयूचा टवका उडाला की तो पुन्हा मिळवायला हार्डनर मोजा, कडा घासा, हवामान बघा, मास्क लावा, इतकं सगळं आलं. इनॅमलचा टवका उडाला तर कागद मारून संध्याकाळी ब्रश फिरवता येतो. म्हणून तुझ्या नावेला माझा सल्ला असा. खाली इपॉक्सी प्रायमर नीट, पूर्ण मापाचा, एकदाच. तळाला आणखी इपॉक्सी. पाण्याच्या वरच्या बाजूंना इनॅमल. पाण्याच्या वर इपॉक्सी उघडा ठेवायचा नाही, उन्हात त्याची भुकटी होते. आणि ताज्या इपॉक्सीवर इनॅमल मारलास तर तो दिवसेंदिवस चिकट राहू शकतो. इपॉक्सी पूर्ण पिकू दे. दमट हवेत त्याच्यावर मेणचट पापुद्रा येतो, तो साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुऊन काढ, मग घास, मग इनॅमलचा अंडरकोट दे. दोन्ही रंग शक्यतो एकाच कंपनीचे घे आणि त्यांचं माहितीपत्रक दुकानदाराकडून मागून घे.

लाकडाची नाव असती तर मी पीयूचं नावही काढलं नसतं. फळी पाण्यात फुगते, उन्हात आकसते, आणि कठीण रंग प्रत्येक सांध्यावर तडकतो. कोकणातल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल, राळ, चुना, असं लाकडाबरोबर हलणारं आणि दरवर्षी पुन्हा लावता येणारं काहीतरी ते नावेला चोपडत. आजही पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत, 1 जून ते 31 जुलै, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची डागडुजी चालते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या नव्या दिसू लागतात. त्या कामाची पद्धत मला फार मोलाची वाटते. रंग दरवर्षी लागणार आहे हे धरूनच ते तो निवडतात.

समुद्री नावांच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी अँटिफाउलिंग रंग लावतात. त्यातला ट्रायब्युटिल टिन इतका घातक ठरला की 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारानं त्यावर बंदी आली आणि तो करार 17 सप्टेंबर 2008 ला अमलात आला. तुला यातलं काहीच नको. गंगापूरचं पाणी नाशिक पितं. तळाला शेवाळ आलं तर नाव ओढून मऊ ब्रशनं धू.

रंगछटेबद्दल थोडंसंच. गडद निळा, काळा उन्हात फार तापतो. फायबर मऊ पडतं आणि आतल्या कापडाची वीण वरून दिसू लागते. पांढरा, फिका राखाडी, फिका पिवळा बरा. जितकी चकाकी जास्त तितका प्रत्येक खड्डा उठून दिसतो, म्हणून जुन्या नावेला सेमी-ग्लॉस शोभतो. पाय ठेवायच्या जागी चकाकी नकोच. तिथे ओल्या रंगावर चाळलेली, धुतलेली, वाळवलेली बारीक वाळू भुरभुर आणि वरून एक पातळ हात दे. नावेच्या पोटात मात्र फिकाच रंग. पाणी शिरलं, तेल गळलं, तर लगेच दिसतं.

शेडबद्दल सांगतो, कारण हे डब्यावर लिहिलेलं नसतं. तुझ्या शेजारी फॅब्रिकेशन चालतं. ग्राइंडरचे लोखंडी कण हवेबरोबर येतात, ओल्या रंगावर बसतात, तेव्हा दिसत नाहीत. नाव पहिल्यांदा भिजली की पांढऱ्या बाजूवर तपकिरी ठिपके उठतात आणि ते धुऊन जात नाहीत. शेजाऱ्याला विचार, त्याच्या सुट्टीच्या दिवशी रंग मार. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपड, झाडू मारू नकोस. दुसरं, जवळपास कोणी सिलिकॉन पॉलिश किंवा स्प्रे वापरत असेल तर रंगात फिश आय म्हणजे गोल गोल खळगे पडतात, त्यांना वरून कितीही हात दिले तरी ते बुजत नाहीत. शेडमध्ये ती बाटली ठेवायचीच नाही.

आणि नाशिकची हवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा नेहमीचा इपॉक्सी पिकायचा थांबतो. संध्याकाळी दव पडतं आणि ओला पीयू सकाळी दुधाळ होऊन बसतो. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि वारा इतका की ब्रश फिरवेपर्यंत रंग ओढू लागतो. पावसाळ्यात हवेतच पाणी. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च, हे आपले महिने. सकाळी दहाच्या सुमारास सुरू कर, दुपारी तीनपर्यंत हात आवर. मे महिना वाळवण्याला आणि घासण्याला वापर.

गन वापरू नकोस. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला की दमा कायमचा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोड्याशा वासानंही त्रास होतो. तोंडाला रुमाल म्हणजे काहीच नाही. गनला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो तुझ्याकडे नाही. बाजूंना तर तू इनॅमलच लावणार आहेस, त्याला रोलर आणि ब्रश पुरतो. इपॉक्सीही रोलरनंच, हातमोजे घालून.

रंग किती लागेल ते आधी काढ. बाजूंसाठी लांबी आणि रुंदीची बेरीज, गुणिले दोन, गुणिले पाण्यावरच्या बाजूची उंची. 16 फूट लांब, 5 फूट रुंद, दीड फूट उंच बाजू असेल तर 63 चौरस फूट. इपॉक्सीला हे विशेष महत्त्वाचं, कारण एकदा कालवलेला उरला तर तो डब्यातच दगड होतो. प्रमाण डब्यावर 4:1 असेल तर मापानं मोज, नजरेनं नाही. जास्त हार्डनर घातला की लवकर वाळतो ही समजूत काढून टाक, तो कच्चाच राहतो. कालवल्यावर पत्रकात सांगितलं असेल तितकी मिनिटं मुरू दे.

लावायला दोन माणसं हवीत. एकानं फोमच्या लहान रोलरनं दोनेक फुटांचा पट्टा पातळ पसरायचा, दुसऱ्यानं लगेच मऊ ब्रशचं फक्त टोक वरून फिरवायचं, दाब न देता, कोरड्या भागाकडून ओल्या भागाकडे. बुडबुडे फुटतात, रोलरची दाणेदार खूण मिटते. नाळेपासून सुरू केलंस की मागच्या टोकापर्यंत थांबायचं नाही, फोन आला तरी. आधीच्या पट्ट्याची कड सुकायच्या आत पुढचा पट्टा तिला मिळाला पाहिजे, नाहीतर तिथे कायमची रेघ उरते. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन दे. जाड हाताचा ओघळ दिसला तर ओला असताना बोट लावू नकोस, पूर्ण सुकल्यावर ठोकळ्यावर कागद गुंडाळून काप. आणि प्रत्येक हाताआधी ट्यूबलाइट नावेच्या अंगाला लागून आडवी धर. समोरच्या उजेडात न दिसणारा चढउतार आडव्या उजेडात लगेच सापडतो. मलमलीचं फडकं तळव्याखाली घेऊन हात फिरवलास तर डोळ्याला चुकलेलंही हाताला कळतं.

पाण्याची रेषा आखायला गवंड्याची पाणी भरलेली नळी आण. जुन्या मळाच्या रेषेवरून पुढची आणि मागची अशा दोन खुणा घे, नाव स्टँडवर त्या खुणांना समपातळीत बसव, आणि नळीनं सगळीकडे खुणा काढ. मास्किंग टेप रंग किंचित ओला असतानाच ओढ, स्वतःवर दुमडून, म्हणजे कड तुटत नाही.

शेवटचा हात झाल्यावर आठवडाभर नाव पाण्यात सोडायची नाही, तिच्यावर दोर, ताडपत्री, काही टाकायचं नाही. वरून सुकलेला रंग आतून अजून पिकत असतो. तेवढ्यात बाकाच्या फळीच्या खालच्या बाजूला मार्करनं लिहून ठेव: प्रायमर कोणता, अंडरकोट कोणता, रंगाचा नंबर काय, बॅच कोणती, कोणत्या महिन्यात लावला. त्याच डब्यातला पाव लिटर रंग लहान, काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या डबीत वेगळा काढ आणि नाव चालवणाऱ्या माणसाच्या हवाली कर, दोन कागद आणि एक ब्रश घालून.