अकरा तुकड्यांचा विषाणू

“आमच्या धाकट्या भावाला लसीचे थेंब पाजले होते, मग त्याला जुलाब का झाले?” असा प्रश्न आठवीच्या वर्गातील एका मुलीने आम्हांस विचारला. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. उत्तर तत्काळ देता आले नाही. पुढे वाचून जे उमजले, ते येथे मांडीत आहोत.

बालकांना अतिसार जडविणारे विषाणू अनेक. त्यांत अत्यंत घातक तो रोटा विषाणू. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी बालकांच्या आतड्यांतील पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिला. तो चाकासारखा दिसतो, आणि लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात. आपला ‘रथ’ हा शब्द त्याच कुळातला, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. लस सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी या विषाणूमुळे भारतात दरवर्षी सुमारे ७८,००० बालके दगावत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

या विषाणूची जनुकीय सामग्री एका अखंड धाग्यात नसून अकरा सुट्या तुकड्यांत असते. सारी मौज, आणि सारे संकटही, येथेच आहे. लग्नघरी शेजारपाजारची भांडी एकत्र येतात आणि परत जाताना एकाची वाटी दुसऱ्याच्या घरी पोहोचते. म्हणून तर आपल्या बायका भांड्यांवर नावे घालून घेतात! विषाणूच्या तुकड्यांवर नावे नसतात. दोन निराळ्या जातींचे विषाणू बालकाच्या एकाच पेशीत शिरले, की बाहेर पडणाऱ्या संततीत काही तुकडे एकाचे, काही दुसऱ्याचे. प्रत्येक तुकड्यास दोन पर्याय, असे अकरा तुकडे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करावा, २,०४८ जुळण्या संभवतात. शिवाय नकला होताना चुका होतात, त्या वेगळ्याच. विषाणूच्या बाह्य कवचावरील दोन प्रथिनांवरून या जातींना ‘जी’ व ‘पी’ असे क्रमांक दिले जातात. भारतात पूर्वी जी १ फार आढळे. पुढे जी ३ चे प्रमाण वाढले.

ही सरमिसळ माणसांपुरतीच मर्यादित नाही. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काही नवजात बालकांना रोटाची लागण झाली, पण जुलाब झाले नाहीत. उलट, पुढे त्यांना तीव्र अतिसारापासून संरक्षण लाभल्याचे दिसले. त्यांच्यातील विषाणू तपासला तेव्हा दहा तुकडे मानवी विषाणूचे आणि एक गाईच्या विषाणूचा निघाला. ही जुळणी कोणा शास्त्रज्ञाने केलेली नव्हती. ती निसर्गतःच घडली होती. आमच्या गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे, म्हणून की काय, आम्हांस ही गोष्ट विशेष आवडली.

डॉ. महाराज किशन भान आदी संशोधकांनी या विषाणूचा पाठपुरावा केला आणि आपल्याच हैदराबादेतील भारत बायोटेकने त्यापासून लस सिद्ध केली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू परिसर येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. २०१६ साली ती सरकारी लसीकरणात प्रथम चार राज्यांत आली; सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत ती पाजतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने निराळी वाट धरली: गाईच्या विषाणूत मानवी विषाणूंचे तुकडे बसवून जी १, २, ३, ४ व ९ अशा पाच जाती एकाच लसीत आणल्या.

आता त्या मुलीचे उत्तर. हैदराबादची लस जी ९ जातीची. तरी चाचणीत ती इतर जातींविरुद्धही उपयोगी पडली. मात्र हे संरक्षण पूर्ण नव्हे. तीव्र रोटा अतिसाराची प्रकरणे तिने निम्म्याहून थोडी अधिक टाळली. शिवाय नोरो, ॲडिनो, ॲस्ट्रो हे विषाणू आणि कित्येक जीवाणू तिच्या कक्षेबाहेरच राहतात. तेव्हा थेंब पाजलेल्या बाळासही जुलाब होऊ शकतात. झाले, तर क्षार-साखरेचे जीवनरक्षक पाणी द्यावयाचे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावयाचे. त्या पाण्याला विषाणूची जात विचारावी लागत नाही. थोड्या मोठ्या मुलांना आमच्या कोकणी घरांत मीठ घातलेली तांदळाची पेज देत. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले वा लघवी कमी झाली, तर मात्र पेजेवर विसंबू नये; तडक दवाखाना गाठावा. त्या मुलीच्या आईने हेच केले होते. बाळ चौथ्या दिवशी रांगू लागले.