काचबिंदूचा दावा कागदांवर उभा कर

सिन्नर

चि. अनिकेत,

तोफखान्यातल्या ज्या माजी सैनिकाची दिव्यांग पेन्शन काचबिंदूपायी अडली आहे, त्यांच्या अर्जात ‘नोकरीनेच डोळे गेले’ एवढे लिहून थांबू नकोस. आजार नोकरीत असताना झाला, म्हणून तो नोकरीमुळे झाला असे ठरत नाही. आधी काचबिंदू कोणत्या प्रकारचा आहे ते नेत्रतज्ज्ञाकडून लिहून घे. डोळ्याला मुका मार बसला, तर आतले पाणी वाहून जाण्याचा कोपरा फाटतो आणि दाब कित्येक वर्षांनीही चढू शकतो; तोही बहुधा मार लागलेल्या डोळ्यातच. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यानेही दाब वाढतो. म्हणून कोपऱ्याची तपासणी आणि दृष्टिक्षेत्र चाचणी यांचे अहवाल लष्करी रुग्णालयातल्या जुन्या नोंदींशेजारी ठेवून वाच. तोफांच्या आवाजाने काचबिंदू झाला, असे मात्र लिहू नकोस. त्या आवाजाने कान जातात. असे एक कच्चे विधान पुढच्या खऱ्या विधानांचीही किंमत घालवते.

कायदा सैनिकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या पेन्शन-पात्रता नियमांचा अर्थ लावला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे धरायचे. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानायचे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला. यावर समोरचे म्हणतील की काचबिंदू घराण्यात चालत येतो आणि भरतीच्या तपासणीत तो सापडतोच असे नाही. हा आक्षेप पोकळ नाही. घरात इतरांना काचबिंदू असेल तर ते लपवू नकोस. पण भरतीच्या वेळी आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असे मेडिकल बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे त्याने लिहिली पाहिजेत, हेही त्याच निकालात आहे. नुसता ‘सेवेशी संबंध नाही’ हा शेरा म्हणजे कारण नव्हे. शिवाय आजार मुळात अंगचा असला तरी सेवेमुळे तो बळावला, हा दावा वेगळा उरतो. दुर्गम ठाण्यावर थेंब मिळाले नाहीत, तपासण्या चुकल्या, हे नोंदींतून दिसले तर तोच धर. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून उपचाराला झालेला उशीर इथे फार महत्त्वाचा.

सैनिक कधी निवृत्त झाले ते पाहा, कारण २००८ आणि २०२३ मध्ये हे नियम बदलले. २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर पुराव्याचा भार दावेदारावर येतो. तसे असेल तर गृहीतकावर विसंबता येणार नाही, वैद्यकीय दुवाच भक्कम हवा. बोर्डाने अपंगत्व २० टक्क्यांहून कमी धरले असेल, तर तो आकडाही अपिलात उचल. अपिले फेटाळली गेली तर मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. या आठवड्यात मात्र एवढेच कर: रिलीज मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कामकाजाची प्रत मागव, आणि ती हाती येईपर्यंत अपिलाची एक ओळही लिहू नकोस.

तुझा,
मामा